सतरा टक्क्यांची तक्रार

१९५६ सालच्या एप्रिल महिन्यात पोर्तो रिको बेटावरील रिओ पिएद्रास या उपनगरात एक नवी गोळी वाटण्यास प्रारंभ झाला. जुन्या झोपड्या हटवून सरकारने तेथे कामकरी कुटुंबांसाठी नव्या इमारती उभ्या केल्या होत्या. माणसे एका ठिकाणी स्थिर झालेली, घरोघर जाऊन चौकशी करता येण्याजोगी. वैद्यकीय प्रयोगाला याहून सोयीची जागा ती कोणती? गोळी घेणाऱ्या स्त्रिया बहुतेक तरुण आणि लेकुरवाळ्या होत्या. या गोळीने दिवस राहणार नाहीत एवढे त्यांना सांगण्यात आले. आपण एका प्रयोगाचा भाग आहोत, हे मात्र कोणी सांगितले नाही.

या कामावर देखरेख डॉ. एड्रिस राइस-रे या विदुषीची होती. वर्ष संपता संपता त्यांनी वरिष्ठांकडे जो अहवाल धाडला, त्यातील मजकूर थोडक्यात असा, की गोळी नियमाने घेतल्यास गर्भधारणेपासून शंभर टक्के संरक्षण मिळते. परंतु सतरा टक्के स्त्रियांना मळमळ, भोवळ, डोकेदुखी, पोटदुखी व उलट्या यांचा त्रास होतो, आणि हा त्रास पाहता गोळी सर्वसामान्य वापरास योग्य मानता येणार नाही. त्याच सुमारास डॉ. राइस-रे बेट सोडून मेक्सिकोत गेल्या. त्यांच्या अहवालातील पहिले वाक्य जगभर गेले. दुसऱ्याला मार्ग मिळण्यास चौदा वर्षे लागली.

ही गोळी निर्माण कशी झाली, हे येथे सांगणे अवश्य आहे. मराठी वाचकाला संततिनियमनाचा विषय नवा नाही. प्रा. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून समाजाचा रोष आयुष्यभर अंगावर घेतला. अमेरिकेत हेच काम करणाऱ्या मार्गारेट सँगर १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्यास येऊन महात्मा गांधींना भेटल्या. गांधीजींना कृत्रिम साधने मान्य नव्हती आणि भेटीअंती दोघेही आपापल्या मतावर ठाम राहिले. कर्व्यांच्या काळची साधने म्हणजे टोप्या, मलमे आणि रबरी पिशव्या. पोटात घेण्याची गोळी हे सँगरबाईंचे जुने स्वप्न होते. १९५३ साली, म्हणजे ज्या वर्षी कर्वे निवर्तले त्याच वर्षी, सँगरबाईंची धनाढ्य मैत्रीण कॅथरीन मॅककॉर्मिक हिने मॅसॅच्युसेट्समधील शास्त्रज्ञ ग्रेगरी पिंकस यांची प्रयोगशाळा पाहिली आणि पुढील संशोधनाचा जवळजवळ सर्व खर्च उचलला.

औषधी द्रव्य तयार होतेच. मेक्सिकोच्या रानातील एका कंदापासून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक स्वस्तात बनविण्याची युक्ती रसेल मार्कर यांनी १९४० नंतरच्या दशकात शोधली होती. त्याच्याशी गुणसाम्य असलेली, पण पोटातून घेतली तरी प्रभावी ठरणारी कृत्रिम द्रव्ये पुढे लवकरच सिद्ध झाली. त्यांपैकी सर्ल कंपनीचे नॉरएथिनोड्रेल पिंकस यांनी निवडले.

या द्रव्याच्या पहिल्या नमुन्यांत एक भेसळ निघाली. मेस्ट्रानॉल नावाचे इस्ट्रोजेन जातीचे दुसरे संप्रेरक तयार करतानाच त्यात अल्पांशाने उतरत असे. रसायनज्ञांनी ते काढून टाकले, तेव्हा स्त्रियांना दोन पाळ्यांच्या मध्येच रक्तस्राव होऊ लागला. मग ती भेसळ मोजूनमापून परत घालण्यात आली. दोषाचे औषध झाले! शेवटी गोळीत सुमारे दहा मिलिग्रॅम नॉरएथिनोड्रेल आणि १५० मायक्रोग्रॅम मेस्ट्रानॉल ठरले. मात्रा इतकी मोठी का, याचे उत्तर सोपे आहे. प्रयोगात एखाद्या स्त्रीला दिवस गेले असते, तर सारा खटाटोप लोकांच्या मनातून उतरला असता. म्हणून हात सैल सोडला. त्या सैल हाताचा भार रिओ पिएद्रासच्या स्त्रियांच्या पोटावर पडला.

पिंकस यांना अहवाल मिळाला, पण पटला नाही. स्त्रियांना त्रासाची पूर्वसूचना दिल्यामुळेच त्रास होतो, असे त्यांचे मत होते. त्यांनी एक लहानसा प्रयोग केला. काही स्त्रियांना खरी गोळी त्रासाच्या पूर्वसूचनेसह दिली. काहींना तीच पूर्वसूचना देऊन औषधाचा अंशही नसलेली गोळी दिली. तिसऱ्या गटाला खरी गोळी दिली, पण त्रासाविषयी अवाक्षर काढले नाही. नुसत्या गोळीवरील स्त्रियाही मळमळीची तक्रार घेऊन आल्या आणि ज्यांना काही सांगितले नव्हते त्यांनी तक्रार फारच थोडी केली. पिंकस यांनी निष्कर्ष काढला, की त्रास मुख्यतः मनाचा आहे.

हा निष्कर्ष सर्वस्वी खोटा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. भीतीने मळमळते, हे परीक्षेच्या सकाळी कोणत्याही शाळेत पाहावयास मिळते. संप्रेरकरहित गोळी घेणाऱ्या स्त्रियांतही डोकेदुखीसारख्या तक्रारी निघतात, हे नंतरच्या काळजीपूर्वक चाचण्यांतही आढळले आहे. पण काही त्रास मनाचा असतो, यावरून सगळा त्रास मनाचा आहे असे सिद्ध होत नाही. शिवाय न विचारल्यामुळे जी तक्रार नोंदली गेली नाही, ती नव्हतीच असे कसे म्हणता येईल? बेटाच्या पूर्व भागातील उमाकाओ गावच्या रुग्णालयात १९५७ पासून दुसरी चाचणी चालली. तेथील डॉ. ॲडलाइन सॅटरथ्वेट यांच्या दप्तरातही त्रासाच्या नोंदी होत्या. दोन्ही ठिकाणी ज्या वैद्य स्त्रिया रुग्णांसमोर बसल्या होत्या त्यांना त्रास दिसला. तो मनाचा खेळ वाटला तो दूर मॅसॅच्युसेट्समध्ये.

पिंकस यांचे सहकारी डॉ. जॉन रॉक यांची गोष्ट निराळी. हे बोस्टनचे ख्यातनाम स्त्रीरोगतज्ज्ञ, रोज मिस्साला जाणारे श्रद्धाळू कॅथलिक. गोळी निसर्गक्रमाचेच अनुकरण करते, म्हणून ती चर्चला मान्य व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. वीस दिवस गोळी आणि नंतर खंड, म्हणजे दर महिन्यास रक्तस्राव होईल, ही योजना या विचाराशी जुळणारी होती. १९६८ साली पोप पॉल सहावे यांनी परिपत्रक काढून कृत्रिम संततिनियमन निषिद्ध ठरविले आणि रॉक यांची आशा मावळली. खंडाच्या दिवसांतील तो रक्तस्राव खऱ्या अर्थाने पाळी नव्हे. संप्रेरकाचा पुरवठा थांबल्याने तो होतो व स्वाभाविकच कमी असतो. 'पाळी कमी झाली, रक्त आत साठले' ही अनेक घरांत ऐकू येणारी भीती म्हणूनच निराधार आहे.

अमेरिकन सरकारने ही गोळी १९५७ साली पाळीच्या विकारांवर आणि १९६० साली गर्भनिरोधासाठी संमत केली. पुढच्याच वर्षी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधील एका डॉक्टराचे पत्र प्रसिद्ध झाले. त्यांच्या रुग्ण परिचारिकेस ही गोळी घेत असताना फुफ्फुसात रक्ताची गुठळी झाली होती. एकाच रुग्णावरून काय ठरणार? परंतु तशी पत्रे येतच राहिली आणि १९६८ साली ब्रिटनमधील संशोधकांनी गोळी आणि गुठळी यांचा संबंध आकड्यांनी दाखवून दिला. १९६९ च्या डिसेंबरात तेथील औषध-सुरक्षा समितीने सांगितले, की इस्ट्रोजेनची मात्रा ५० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असलेल्या गोळ्या देऊ नयेत.

अमेरिकेत त्याच वर्षी बार्बरा सीमन या पत्रकर्त्रीने गोळीच्या दुष्परिणामांवर पुस्तक लिहिले. १९७० च्या जानेवारीत सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी या प्रश्नाची चौकशी मांडली. एकामागून एक तज्ज्ञ साक्ष देत होते. गोळी घेतलेल्या एकाही स्त्रीला साक्षीस बोलाविले नव्हते. तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या तरुण स्त्रिया उभ्या राहिल्या आणि, ज्यांच्या पोटात ही गोळी जाते त्यांना का विचारीत नाही, असा जाब त्यांनी भर सभेत विचारला. त्याच वर्षी प्रत्येक पाकिटात रुग्णासाठी माहितीपत्रक घालण्याचा नियम झाला. डॉ. राइस-रे यांच्या अहवालातील दुसरे वाक्य हे असे चौदा वर्षांनी स्त्रियांच्या हाती पडले.

मात्रा मग उतरतच गेली. भारत सरकारच्या 'माला-एन' या गोळीत एथिनिल इस्ट्राडिओल हे इस्ट्रोजेन केवळ ३० मायक्रोग्रॅम आहे. मूळ गोळीतील इस्ट्रोजेनच्या तुलनेत प्रभाव तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. पाकिटातील २८ गोळ्यांपैकी शेवटच्या सात लोहाच्या आहेत, त्यामुळे गोळीचा नेम मोडत नाही. रिओ पिएद्रासच्या बायकांना तारखा मोजीत बसावे लागे.

मात्रा उतरली तरी पहिले दोन-तीन महिने काही जणींना जड जातातच. मळमळ, स्तन हुळहुळणे, डोके दुखणे, मधूनच थोडे अंगावर जाणे, हे या काळात पुष्कळदा घडते आणि बहुधा आपोआप ओसरते. गोळी रात्रीच्या जेवणानंतर, रोज ठरल्या वेळी घेतल्यास मळमळ सुसह्य होते. मधूनच रक्त दिसले म्हणून पाकीट अर्ध्यावर टाकू नये. तसे केल्याने रक्तस्राव वाढतो आणि संरक्षणही जाते. एखादी गोळी चुकल्यास आठवताच घ्यावी. दोन किंवा अधिक चुकल्या तर सात दिवस दुसरे साधनही वापरावे व परिचारिकेला विचारावे. तीन महिन्यांनीही त्रास राहिला, तर मुकाट्याने सोसण्याचे कारण नाही, कारण गोळी बदलून मिळते. वजन वाढते ही समजूत सर्वत्र आहे. या मिश्र गोळीच्या बाबतीत चाचण्यांनी तिला दुजोरा दिलेला नाही.

परंतु पोटरीत एकाएकी दुखून सूज येणे, छातीत कळ, धाप लागणे, कधी नव्हे अशी तीव्र डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे, ही लक्षणे दिसताच गोळी थांबवून विनाविलंब डॉक्टर गाठावा. पस्तिशी ओलांडलेल्या व धूम्रपान करणाऱ्या, डोळ्यांपुढे तिरमिरी येऊन अर्धशिशी उठणाऱ्या, रक्तदाब वाढलेल्या, अथवा सहा महिन्यांच्या आतील बाळाला अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी ही गोळी मनानेच सुरू करू नये.

तीन महिन्यांनी घ्यावयाच्या 'अंतरा' इंजेक्शनाची गोष्ट याहून नाजूक आहे. गोळी उद्या बंद करता येते. टोचलेले औषध परत काढता येत नाही. त्याने पाळी अनियमित होते, पुढे बहुधा थांबते, वजनही वाढू शकते. असे होणार हे जिला आधी नीट समजावून सांगितलेले असते ती न घाबरता पुढचे इंजेक्शन घेण्यास येते, असा अनेक देशांतला अनुभव आहे. सांगितल्याने तक्रारी वाढतील, हे पिंकस यांचे भय होते. आज गावच्या केंद्रात आशाताई पाकीट हाती देताना पहिल्या तीन महिन्यांचा त्रास तोंडी समजावते, आणि महिन्याने पुन्हा दारात येऊन विचारते, "काय गं, मळमळतं का अजून?"