टार्पन स्प्रिंग्जचे पाणबुडे आजोबा

फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर अँक्लोट नदीच्या काठी टार्पन स्प्रिंग्ज हे छोटे शहर आहे. लोकसंख्येतले ग्रीक वंशीयांचे प्रमाण अमेरिकेतल्या इतर कुठल्याही शहरापेक्षा इथे जास्त आहे. इथल्या जुन्या ग्रीक घरांतले बरेचसे आजोबा, म्हणजे ग्रीकमधले ‘पापू’, एकाच धंद्यापायी इकडे आले: समुद्राच्या तळाचे स्पंज काढणे. स्पंज वनस्पतीसारखा दिसला तरी तो खडकाला चिकटून राहणारा प्राणी आहे, आणि अंग घासायला वापरतात तो त्याचा मऊ सांगाडा.

ग्रीक येण्यापूर्वीही इथे स्पंज निघत असे. होडीतून वाकायचे, काचेच्या बुडाची बादली पाण्यावर टेकवून तळ पाहायचा आणि लांब काठीच्या आकड्याने स्पंज ओढून काढायचा, ही जुनी रीत. काठी पोचेल तेवढाच समुद्र हाती लागे. जॉन चेनी या व्यापाऱ्याकडे काम करणाऱ्या जॉन कोकोरिसला हे खटकले. तो मूळचा ग्रीसमधल्या लेओनिदिओचा. खोल पाण्यातला माल काठीने नव्हे, पाण्यात उतरलेल्या माणसाच्या हाताने निघतो, हे त्याला ठाऊक होते. १९०५ मध्ये त्याने पाणबुडे आणि त्यांची यंत्रे मागवली, आणि थोड्याच काळात एजियन समुद्रातल्या बेटांवरचे शेकडो लोक या गावात आले.

ते प्रामुख्याने कालिम्नोस, सिमी आणि हाल्की या बेटांचे. कालिम्नोस म्हणजे उघडाबोडका डोंगर. पिकाची जमीन थोडी, त्यामुळे पोट समुद्रावर. पूर्वी तिथले पाणबुडे हातात सपाट दगड धरून, श्वास रोखून तळ गाठत. १८६० च्या दशकात डोक्यावर शिरस्त्राण असलेला पाणबुड्यांचा पोशाख आला आणि माणूस तळाशी बराच वेळ राहू लागला. ईस्टरनंतर होड्या निघत. निघण्याआधी पाणबुड्याला ‘प्लातिका’ मिळे. ती ऊसतोडीच्या उचलीचीच सख्खी बहीण: पैसे आधी घरात, मग हंगामभर फेड. ही बेटे १९१२ पर्यंत ऑटोमन सत्तेखाली होती, नंतर इटलीकडे गेली आणि १९४७ मध्ये ग्रीसला मिळाली. म्हणजे ज्यांना आज सरसकट ‘ग्रीक स्थलांतरित’ म्हटले जाते, त्यांतले पहिले बरेचजण कागदोपत्री सुलतानाची प्रजा होते.

पाण्यात उतरण्याची तयारी हेच एक मोठे काम होते. आधी जाड लोकरीचे कपडे, त्यावर रबर लावलेल्या कॅनव्हासचा अंगभर पोशाख, छातीवर धातूची पट्टी, पायांत शिशाच्या तळाचे बूट. शेवटी तांब्याचे शिरस्त्राण डोक्यावर ठेवून फिरवून घट्ट बसवत. हे सारे एकट्याने चढवणे अशक्य, कारण त्याचे वजन जवळजवळ माणसाइतके भरे. पंपाची हवा रबरी नळीतून येई आणि जादा हवा सोडायला शिरस्त्राणातली झडप आतून डोक्याने दाबावी लागे. तळाशी पाणबुड्या पुढे झुकून चाले. एका हातात छोटा पंजा, दुसऱ्यात जाळीची पिशवी. वर दोरी धरून बसलेल्या माणसाला बोटीवर कप्तानाइतकाच मान असायला हवा होता, कारण खालच्याचा जीव त्या दोरीच्या हिसक्यांवर होता.

खरा धोका वर येताना असे. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन, पाणबुड्या घाईने वर आल्यास, बुडबुडे बनून बाहेर पडतो. सांधे आखडतात, पाय लुळे पडतात, माणूस दगावतोही. टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके जे. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. पण टप्प्यावर थांबायला वेळ लागतो, आणि बोटीवर वेळेचा हिशेब स्पंजांत होई. कालिम्नोसच्या ‘मिहानिकोस’ नाचात हा आजार जसाच्या तसा उतरला आहे: पहिला नर्तक काठी टेकत थरथरत पावले टाकतो, मध्येच ताठ होऊन तरुणासारखा नाचतो आणि पुन्हा काठीवर येतो.

बोटीवर आलेला स्पंज काळा, बुळबुळीत असे. ओल्या गोणपाटाखाली मांस कुजवायचे, खरवडायचे, मग स्पंज धुवायचे आणि माळा ओवून सुकवायचे. वास आवरता येत नसे. माल स्पंज एक्स्चेंजमध्ये लिलावाला जाई. सर्वांत जास्त भाव ‘वूल’ जातीला. खर्च वजा जाता उरलेल्या रकमेचे वाटे पडत.

आकडेवाल्या जुन्या मच्छीमारांना ही स्पर्धा रुचली नाही. की वेस्टच्या बाजूला ग्रीकांच्या बोटीही जाळल्या गेल्या. गावात मात्र ग्रीकांनी पाय रोवले. संत निकोलस हा खलाशांचा रक्षक. चर्चला त्याचेच नाव मिळाले. दरवर्षी ६ जानेवारीला धर्मगुरू स्प्रिंग बायूच्या पाण्यात क्रूस टाकतात आणि गावची तरुण मुले तो मिळवायला उड्या घेतात.

धंदा मोडला तो समुद्रातच. १९३० च्या दशकाच्या शेवटी स्पंजांवर रोग पडला, १९४७ मध्ये विषारी ‘लाल भरती’ आली आणि त्याच सुमारास कृत्रिम स्पंज स्वस्तात मिळू लागला. वडिलांचे लुळे पाय पाहिलेल्या मुलांनी दुकाने आणि हॉटेले काढली. त्यांना दोष देता येणार नाही. १९५३ च्या ‘बिनीथ द ट्वेल्व्ह माइल रीफ’ या चित्रपटाने गावाला प्रसिद्धी दिली आणि पर्यटक वाढले. १९८० च्या दशकात भूमध्य समुद्रातले स्पंज रोगाने घटले, तेव्हा इथल्या मालाला पुन्हा मागणी आली. थोड्या बोटी आजही जातात. धक्क्यावरून सुटणाऱ्या सहलीच्या बोटीवर तोच तांब्याच्या शिरस्त्राणाचा पोशाख चढवून एकजण नदीत उतरतो आणि स्पंज घेऊन येतो. तिथे पाणी उथळ आहे. तो काही मिनिटांत वर येतो.