खरखरीचा पाठलाग

मार्टी रॉबिन्स यांचं ‘डोन्ट वरी’ हे गाणं 1961 साली बाजारात आलं. त्यात मध्येच ग्रेडी मार्टिन यांचं बास गिटार फाटक्या आवाजात घरघरतं. नॅशव्हिलच्या स्टुडिओत मिक्सरचा एक चॅनल बिघडला होता. तो आवाज ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांच्या मनात भरला. त्यांनी तीन ट्रान्झिस्टरच्या सर्किटात तो बांधला आणि गिब्सन कंपनीने 1962 मध्ये ‘मॅस्ट्रो फझ-टोन’ नावाच्या पेडलच्या रूपात विकायला काढला.

हवीशी खरखर अशी डबीत आली. तिच्या मागोमाग नकोशीही आली. फझ सर्किट बारीकसा सिग्नल प्रचंड वाढवतं, आणि वाढवताना गिटारचा सूर कोणता, घरातल्या विजेची गुणगुण कोणती, हे त्याला कळत नाही.

शिवाय काही खरखर सुट्या भागांच्या अंगातलीच असते. बेल प्रयोगशाळेतल्या जे. बी. जॉन्सन यांनी ती मोजली, हॅरी नायक्विस्ट यांनी तिचं गणित मांडलं. दोघांचे निबंध 1928 साली छापून आले. रेझिस्टरमधले इलेक्ट्रॉन उष्णतेने सतत हलत असतात. एक मेगओहमचा रेझिस्टर नुसता टेबलावर पडून असला, तरी ऐकू येणाऱ्या पट्ट्यात त्याच्या टोकांवर सुमारे 18 मायक्रोव्होल्टची खळबळ चालू असते.

क्रेग अँडरटन यांच्या 1975 च्या ‘इलेक्ट्रॉनिक प्रोजेक्ट्स फॉर म्युझिशियन्स’ने घरी पेडल बनवणाऱ्यांची एक पिढी घडवली. या मंडळींनी जुने कार्बन रेझिस्टर काढून मेटल फिल्मचे बसवले, सर्किट धातूच्या डबीत बंद केलं, इनपुटला शिल्डेड वायर जोडली, सगळ्या ग्राउंडच्या तारा एका जागी आणल्या. साधेच उपाय, पण कानाला फरक लगेच कळतो.

खरी कसोटी विलंबाच्या (डिले) पेडलमधल्या ‘बकेट ब्रिगेड’ चिपने घेतली. फिलिप्सच्या सँगस्टर आणि टीर यांची ही 1969 ची कल्पना: आग विझवायला बादल्या हातोहात पुढे जाव्यात, तसा सिग्नल एका कॅपॅसिटरमधून दुसऱ्यात जातो आणि उशिरा बाहेर पडतो. वाटेत खरखर साचत जाते.

त्यावरच्या उपायाचं एक मूळ भारतात सापडतं. युनेस्कोचे सल्लागार म्हणून अभियंते रे डॉल्बी 1963 ते 1965 चंदीगडला होते. इथलं संगीत टेपवर घेताना त्यांच्या डोक्यात विचार घोळू लागला: हळू सूर टेपवर जाताना वाढवायचे, ऐकवताना तितकेच उतरवायचे, म्हणजे टेपची खरखरही त्यांच्याबरोबर खाली जाईल. पुढे विलंबाच्या पेडलमध्ये याच जातीची युक्ती आली. एनई570 या चिपचा एक अर्धा भाग बकेट ब्रिगेडच्या आधी सिग्नल आवळतो, दुसरा नंतर तो मोकळा करतो. जुनी विलंब-पेडलं घरी पुन्हा बांधणारे आजही ही चिप शोधत असतात.