चंद्रावरून आलेले पाषाण

आकाशांतून दगड पडतात, ही गोष्ट आज शाळेंतला मुलगाहि सांगेल. परंतु सव्वादोनशें वर्षांपूर्वीं युरोपांतील थोर पंडितांपुढें हें सांगूं जाणारा मनुष्य हास्यास्पद ठरत असे. शेतकऱ्यांनीं डोळ्यांदेखत पडलेला दगड आणून दाखवावा आणि विद्वानांनीं 'वीज पडून भाजलेला हा साधा दगड आहे' असें म्हणून तो बाजूस सारावा, असा प्रकार तेव्हां चाले. आज मी ज्या दगडांविषयीं बोलणार आहें ते नुसते आकाशांतून आलेले नव्हेत. ज्याला आपण लहानपणापासून चांदोमामा म्हणत आलों, त्या चंद्रावरून आलेले आहेत. ते आले कसे, ते चंद्राचेच हें कशावरून ठरलें, आणि त्यांचा संग्रह करण्याची हौस जगांत उत्पन्न झाल्यावर खऱ्याखोट्याची पारख कोणत्या कसोटीवर होते, हा आजचा विषय.

या इतिहासाचा आरंभ १७९४ सालापासून धरावा लागतो. त्या वर्षीं जर्मन शास्त्रज्ञ क्लाड्नी यांनीं एक लहानसा ग्रंथ प्रसिद्ध करून, कांहीं लोखंडी व दगडी गोळे अंतराळांतून पृथ्वीवर येतात असें प्रतिपादन केलें. १७९८ च्या डिसेंबरांत आपल्या काशीजवळ दगडांचा वर्षाव झाला. त्यांतले कांहीं दगड लंडनला पोंचले आणि एडवर्ड हॉवर्ड या रसायनज्ञानें इतर ठिकाणच्या तशाच दगडांबरोबर त्यांचें पृथक्करण करून १८०२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. हजारों कोसांच्या अंतरानें पडलेल्या या दगडांची घडण एकमेकांशीं जुळत होती; त्यांतील लोहकणांत निकेल होतें; आणि आसपासच्या खडकांशीं त्यांचें कांहींच नातें नव्हतें. पुढें २६ एप्रिल १८०३ रोजीं फ्रान्समधील लेग्ल गांवीं सुमारें तीन हजार दगड कोसळले. सरकारी आज्ञेवरून तरुण बिओ यांनीं गांवोगांव फिरून साक्षी घेतल्या, आणि शंकेला जागा उरली नाहीं.

दगड वरून येतात हें मान्य झालें, तरी ते येतात कोठून? आश्चर्याची गोष्ट अशी कीं, पहिलें वजनदार उत्तर 'चंद्रावरून' असेंच होतें. लाप्लास यांच्यासारख्या गणितज्ञानें १८०२ सालीं सुचविलें कीं, चंद्रावरील ज्वालामुखींनीं उडविलेले दगड पृथ्वीच्या आकर्षणांत सांपडत असावेत. चंद्राचें गुरुत्वाकर्षण अल्प आणि त्याला वातावरणाचें आवरण नाहीं. सेकंदाला सुमारें २.४ किलोमीटर वेगानें सुटलेला दगड त्याच्या बंधनांतून मुक्त होतो. गणित चोख होतें. परंतु दुर्बिणींतून चंद्रावर एकहि जागता ज्वालामुखी दिसेना. उलट, उल्कांचे वेग मोजले जाऊं लागले तेव्हां ते इतके मोठे भरले कीं, त्या सूर्याभोंवतीं फिरणाऱ्या वस्तु असल्या पाहिजेत हें उघड झालें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लाप्लासची कल्पना मागें पडली.

तरीहि चंद्राचा मोह सुटला नाहीं. आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया, बोहेमिया इत्यादि प्रदेशांत कांचेसारखे काळे-हिरवे खडे सांपडतात. त्यांना टेक्टाइट म्हणतात. १८९७ सालीं डच भूगर्भशास्त्रज्ञ व्हर्बीक यांनीं ते चंद्राच्या ज्वालामुखींतून आले असें सुचविलें, आणि अमेरिकेंतील प्रसिद्ध उल्कासंग्राहक नायनिंजर यांनींहि १९४३ मध्यें त्यांचा उगम चंद्राकडेच दाखविला. हा वाद मिटण्यास चंद्रावरचा दगड हातांत येणेंच आवश्यक होतें. तो योग १९६९ च्या जुलैमध्यें आला. १९७२ पर्यंत सहा वेळां मनुष्य चंद्रावर उतरला आणि एकंदर ३८२ किलोग्रॅम दगडमाती घेऊन परतला. रशियाच्या तीन निर्मनुष्य यानांनींहि १९७०, १९७२ व १९७६ सालीं थोडी थोडी माती आणली. या नमुन्यांशीं ताडून पाहतांच टेक्टाइटांचा दावा निकालांत निघाला. ते पृथ्वीवरच्याच मातीचे, मोठ्या आघातानें वितळून उडालेले थेंब ठरले.

अस्सल चांद्र पाषाण मात्र दुसऱ्याच दिशेनें येत होता. १९६९ च्याच डिसेंबरांत अंटार्क्टिकांतील यामातो पर्वताजवळ जपानी संशोधकांना बर्फावर नऊ उल्कापाषाण एकाच परिसरांत मिळाले. एकाच वेळीं पडलेले म्हणावेत, तर ते निरनिराळ्या जातींचे होते. याचा उलगडा पुढें झाला. तेथील बर्फ अति मंद गतीनें समुद्राकडे सरकत असतें. वाटेंत डोंगर आडवा आला कीं तें अडतें, वर चढतें, आणि सोसाट्याचे कोरडे वारे त्याचा थर झिजवून टाकतात. हजारों वर्षें बर्फाच्या पोटांत वाहून आलेले दगड मग निळ्या बर्फावर उघडे पडतात. सुपांत धान्य पाखडतांना खडे एका बाजूस जमावे, तसाच हा निसर्गाचा व्यवहार! ही वार्ता ऐकून विल्यम कॅसिडी यांनीं अमेरिकेच्या वतीनें १९७६ पासून तेथें मोहिमा सुरू केल्या.

अशाच एका मोहिमेंत १८ जानेवारी १९८२ रोजीं जॉन शट आणि इयन व्हिलन्स या दोघांना ॲलन हिल्स भागांत एक लहानसा दगड दिसला. वजन अवघें ३१.४ ग्रॅम, म्हणजे पावणेतीन तोळ्यांच्या आंतच. त्याचें कवच हिरवट-तपकिरी आणि आंत पांढरे तुकडे रुतलेले. नेहमींच्या उल्कापाषाणांशीं त्याचें रूप जुळेना. दगड प्रयोगशाळेंत पोंचल्यावर स्मिथसोनियन संस्थेच्या ब्रायन मेसन यांनीं त्याची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली, आणि हे पांढरे तुकडे चंद्रावरील उंच प्रदेशांतल्या अनॉर्थोसाइट खडकासारखे आहेत असें नमूद केलें. १९८३ मध्यें ह्यूस्टनच्या परिषदेंत अनेक प्रयोगशाळांनीं आपापले निष्कर्ष मांडले. सर्वांचा निर्णय एकच होता. त्यानंतर जपान्यांनींहि आपला सांठा पुन्हां चाळला, आणि १९७९ सालींच उचललेला एक दगड चांद्र असल्याचें त्यांच्या ध्यानीं आलें.

हा निर्णय कोणत्या पुराव्यावर झाला, हें समजून घेण्यासारखें आहे. दगडाच्या कांहीं खनिजांत लोह व मँगेनीज यांचें एक ठराविक प्रमाण असतें. पृथ्वी, मंगळ, चंद्र यांचें तें निरनिराळें असतें. ऑक्सिजनच्या तीन समस्थानिकांचें परस्पर प्रमाण हा दुसरा साक्षीदार. चंद्र व पृथ्वी यांचें तें प्रमाण एकमेकांशीं जुळतें, इतर बहुतेक उल्कापाषाणांचें जुळत नाहीं. आतां कोणी म्हणेल, 'मग तो दगड पृथ्वीचाच कां नसावा?' येथें तिसरा साक्षीदार पुढें येतो. अंतराळांत उघडा राहिलेल्या दगडावर विश्वकिरणांचा मारा होऊन कांहीं विशिष्ट अणु निर्माण होतात. घराशेजारच्या दगडांत ते तशा प्रमाणांत आढळत नाहींत. तीन साक्षीदार एकवाक्यतेनें बोलले म्हणजेच दगडाला चंद्राचें कुलनाम मिळतें. परंतु या साऱ्या साक्षी ताडून पाहण्यास चंद्रावरून हातानें आणलेला नमुना अगोदर जवळ असावा लागला, हें विसरतां कामा नये. मनुष्य तेथें गेला नसता, तर तो ३१ ग्रॅमचा दगड एखाद्या खणांत 'विचित्र' या चिठीखालींच पडून राहिला असता.

लाप्लास अशा रीतीनें अर्धा खरा ठरला. दगड चंद्रावरून येतात, पण त्यांना उडविणारा ज्वालामुखी नव्हे; उडवितात तो चंद्रावर आदळणारे अशनि. इतक्या प्रचंड आघातांत दगड वितळून जाईल, असा पूर्वीं समज होता. आघाताच्या कडेला, अगदीं पृष्ठभागालगतचे तुकडे फारसे न चिरडतां वेगानें भिरकावले जाऊं शकतात, हें मेलॉश यांनीं १९८४ च्या सुमारास गणितानें दाखविलें.

यानंतर शोधाचें क्षेत्र बर्फावरून वाळूकडे सरकलें. ऑस्ट्रेलियांत मिळालेला १९ ग्रॅमचा एक खडा १९९१ सालीं चांद्र म्हणून जाहीर झाला. १९९७ मध्यें लिबियाच्या वाळवंटांत ५१३ ग्रॅमचा पाषाण सांपडला. २००२ च्या जानेवारींत ओमानमध्यें स्विस संशोधकांना २०६ ग्रॅमचा एक दगड मिळाला. त्याची कथा तर कादंबरीसारखी आहे. चंद्रावर जें विशाल 'वर्षासागर' नांवाचें खोरें दिसतें, तें खोदणाऱ्या आघातांत, म्हणजे सुमारें ३९० कोटि वर्षांपूर्वीं, हा खडक वितळून थिजला. पुढें आणखी आघात त्यानें सोसले. साडेतीन लाख वर्षांच्या आंत केव्हां तरी तो चंद्र सोडून निघाला, आणि दहा हजार वर्षांच्या सुमारास ओमानच्या वाळूंत येऊन पडला.

असे दगड विज्ञानास इतके मोलाचे कां? मनुष्य उतरला तीं सहाहि ठिकाणें चंद्राच्या आपणांस दिसणाऱ्या बाजूचीं आणि एका मर्यादित पट्ट्यांतलीं. पलीकडच्या बाजूची माती प्रथम हातीं आली ती २०२४ सालीं, चिनी यानाकडून. अशनि मात्र असा पंक्तिभेद करीत नाहींत. ते चंद्राच्या कोणत्याहि भागांतून तुकडे उडवितात. चंद्राचें मूळचें कवच वितळलेल्या खडकाच्या सागरावर तरंगून थिजलें, या सिद्धान्ताला या पाषाणांनीं बळ दिलें आहे. २०२३ च्या ऑगस्टांत आपलें चंद्रयान-३ दक्षिण ध्रुवाकडील भागांत उतरलें. तेथील मातीचें जें पृथक्करण त्याच्या गाडीनें केलें, तेंहि याच सिद्धान्ताशीं जुळलें.

जेथें मोल आलें तेथें बाजारहि येतोच. अमेरिकेनें आणलेले चांद्रनमुने राष्ट्राची मालमत्ता असून ते विकले जात नाहींत. होंडुरासला भेट दिलेला १.१४ ग्रॅमचा असाच एक तुकडा चोरवाटेनें विक्रीस निघाला. त्यासाठीं पन्नास लाख डॉलर मागितले गेले, आणि १९९८ सालीं अमेरिकन अधिकाऱ्यांनीं सांपळा रचून तो जप्त केला. रशियन यानानें आणलेले, मिळून सुमारें ०.२ ग्रॅम भरणारे तीन कण मात्र १९९३ मध्यें न्यूयॉर्कच्या लिलांवांत ४,४२,५०० डॉलरांस कायदेशीरपणें विकले गेले. सामान्य संग्राहकास उरतो तो आकाशांतून आलेला दगड. सहाराचे भटके लोक, मोरोक्कोचे व्यापारी आणि अमेरिका-युरोपांतील हौशी धनिक यांची एक सांखळीच त्यासाठीं तयार झाली. २०१८ मध्यें वायव्य आफ्रिकेंतला साडेपांच किलोग्रॅमचा एक चांद्र पाषाण लिलांवांत ६,१२,५०० डॉलरांस गेला, आणि तो व्हिएटनाममधील एका बौद्ध मंदिरासाठीं घेण्यांत आला होता.

या व्यापाराची निंदा करणें सोपें आहे. दगड फोडून चकत्या केल्या जातात. तो नेमका कोठें सांपडला हें व्यापारी लपवितो. आणि शोधाची अर्धी माहिती कायमची नष्ट होते. परंतु दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. उन्हातान्हांत उंटावरून हिंडणारा तो अनामिक शोधक नसता, तर आज माहीत असलेल्या शेंकडों चांद्र पाषाणांपैकीं बहुतेक वाळूखालींच राहिले असते. म्हणून एक तडजोड निघाली. दगडाला मान्यता हवी असेल, तर त्याचे वीस ग्रॅम, अथवा दगड लहान असल्यास त्याचा पांचवा हिस्सा, अभ्यासाकरितां संस्थेकडे ठेवावा लागतो. मगच त्याला नांव आणि क्रमांक मिळतो. खरा संग्राहक दगडाबरोबर हा क्रमांक आणि परीक्षणाचा लेख मागतो. नुसत्या विक्रेत्याच्या शब्दावर विसंबत नाहीं.

आपल्याकडील हौशी लोकांस येथें एक सूचना द्यावीशी वाटते. महाराष्ट्राची भूमि काळ्या बसाल्टाची आहे, आणि चंद्रावरील काळसर 'सागर'हि बसाल्टाचेच आहेत. लोणारचें सरोवर बसाल्टांत अशनीच्या आघातानें झालें, म्हणून चंद्राच्या विवरांचा अभ्यास करणारे तेथें आवर्जून येतात. तेव्हां काळा, जड, भाजल्यासारखा दगड दिसला कीं मनांत आशा उत्पन्न होणें स्वाभाविक आहे. परंतु आपल्या बसाल्टाच्या पोकळ्यांत जे सुंदर पांढरे स्फटिक सांपडतात, ते पाण्याच्या संगतीनें वाढलेले असतात. चंद्राच्या खडकांत अशीं जलजन्य खनिजें नसतात. लोहचुंबकाचा उपयोगहि येथें थोडाच, कारण चांद्र पाषाणांत धातु फारच अल्प असतो. डोळा येथें साक्षीदार होऊं शकत नाहीं. तो फार तर फिर्याद दाखल करूं शकतो.

चंद्र पृथ्वीकडे असे तुकडे पूर्वींपासून पाठवीत आला आहे. त्यांपैकीं एकहि पडतांना आजवर कोणीं पाहिला, असें नमूद नाहीं. ते मुकाट्यानें आले आणि ओळखणारा येईपर्यंत वाट पाहत राहिले. खेड्यांतल्या शेतकऱ्याची साक्ष पंडितांनीं एकदां नाकारली होती. वाळवंटांतल्या भटक्याच्या हातचा दगड आज तेच पंडित आदरानें भिंगाखालीं ठेवतात. दगड तोच राहिला. माणसाची ऐकून घेण्याची आणि पुरावा तपासण्याची शक्ति तेवढी वाढली.