मुरगाव बंदर, 18 डिसेंबर 1961

गोंडपिपरीच्या माणसाचा समुद्राशी संबंध येतो तो नदीतून. तुमच्या तालुक्याच्या एका अंगाला वर्धा वाहते, दुसऱ्या अंगाला वैनगंगा. दोघी मिळून प्राणहिता होतात, गोदावरीत शिरतात आणि पूर्वेच्या समुद्राला जातात. आज मात्र तुम्हाला पश्चिमेला जायचंय, तेही साठाहून जास्त वर्षं मागे. तुमच्या जिल्ह्याला अजून चांदा म्हणतात आणि महाराष्ट्र राज्य जेमतेम दीड वर्षाचं आहे.

सोमवारची सकाळ. तुम्ही ‘अफोंसो द अल्बुकर्क’ या पोर्तुगीज युद्धनौकेच्या डेकवर उभे आहात. गोव्यातल्या पोर्तुगीज नौदलाची खरी लढाऊ बोट ही एवढीच. बाकी गस्तीच्या लहान नौका. 1510 मध्ये ज्याने गोवा जिंकला, त्याचं नाव तिला दिलेलं. बांधणी 1930च्या दशकातली, ब्रिटिश कारखान्यात झालेली. पुढे-मागे मिळून 120 मिलिमीटरच्या चार तोफा आहेत. खलाशी त्यांच्याभोवती घुटमळतायत, कुणी फारसं बोलत नाही.

हाच डेक 1936च्या सप्टेंबरात लिस्बनच्या नदीत बंडवाल्या खलाशांच्या ताब्यात होता. स्पेनमधल्या प्रजासत्ताकाच्या बाजूने लढायला जायचा त्यांचा बेत होता. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने किनाऱ्यावरच्या तोफा आपल्याच बोटीवर डागायला लावल्या आणि पकडलेल्या कित्येकांना केप व्हर्देच्या तर्राफाल छावणीत धाडलं. 1942 मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीने ‘नोव्हा स्कोशिया’ हे जहाज बुडवलं, तेव्हा पाण्यात तरंगणारी शेकडावर माणसं याच बोटीने वर ओढून घेतली. त्या बचावासाठी तरी या बोटीचं नाव घ्यायला हवं.

महायुद्ध संपलं, इंग्रज गेले, 1954 मध्ये पाँडिचेरीही फ्रेंचांनी सोडली. लिस्बन मात्र म्हणत राहिलं की गोवा ही वसाहत नाही, तो पोर्तुगालचाच एक प्रांत आहे. 1955च्या 15 ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रही हद्द ओलांडून आत शिरले, तेव्हा त्यांच्यावर गोळ्या चालल्या. गोव्याच्या मुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाचे मोहन रानडे त्याच वर्षी पकडले गेले. तुम्ही या डेकवर उभे आहात तेव्हा ते पोर्तुगालमधल्या तुरुंगात आहेत.

आज भारताने गोव्यावर चढाई केलीय. सकाळीच भारतीय विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलंय आणि दाभोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकलेत. आता गोव्याचा लिस्बनशी धागा म्हणजे या बोटीवरचा बिनतारी संच. हुकूम आधीच येऊन पडलाय: आठ दिवस तरी टिकून राहा, म्हणजे जगात ओरड करता येईल, शरणागती नाही, जिंका किंवा मरा. हा हुकूम देणाऱ्या सालाझारने गोवा कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही. कचेरी दूर असली की हुकूम किती सोपा होतो आणि तो पाळणाऱ्याला किती जड जातो, हे जंगलपट्ट्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

दुपारचे बारा वाजत आलेत. बंदराच्या तोंडाशी दोन राखाडी आकार दिसतात, ‘बेतवा’ आणि ‘बियास’. या भारतीय फ्रिगेट नव्या आहेत आणि त्यांच्या तोफा लांबून अचूक नेम धरतात. बाहेर समुद्रात उभ्या असलेल्या भारतीय ताफ्याचे प्रमुख रिअर अ‍ॅडमिरल भास्कर सदाशिव सोमण आहेत, आपल्या बेळगावचे. शरण या, असा इशारा येतो. कप्तान आंतोनियो द कुन्या आरागांव नांगर उचलायला सांगतो.

मग आवाज येतो, आणि तो कानाआधी छातीत बसतो. डेक हादरतो. बिनतारी खोलीतला माणूस जागीच पडतो. कप्तान गंभीर जखमी होतो. पाऊण तास होत नाही तोच बोट बांबोळीच्या किनाऱ्याकडे वळते आणि वाळूत रुतते. डेकवर पांढरं निशाण चढतं. बोटीवरची पाच माणसं गेली आहेत, तेरा जखमी आहेत. गोव्याबद्दल लिस्बनमध्ये जे ठरलं, ते त्यांच्यातल्या एकानेही ठरवलेलं नव्हतं.

अंजदीव बेटावर त्याच दिवशी भारताचे सात नौसैनिक मारले गेले. तेही लक्षात ठेवा. विजयाच्या बातमीत ते हरवून जातात.

दुसऱ्या दिवशी, 19 तारखेच्या रात्री, गव्हर्नर जनरल मानुएल आंतोनियो व्हासालो ई सिल्वा शरणागतीच्या कागदावर सही करतो. गोव्यातल्या वास्तू उद्ध्वस्त करण्याच्या सूचना त्याच्याकडे होत्या. त्या त्याने पाळल्या नाहीत. लिस्बनने त्याला सैन्यातून काढून टाकलं. सालाझारने उभी केलेली राजवट 1974 मध्ये कोसळल्यावरच त्याला त्याचा मान परत मिळाला. 1980 मध्ये तो गोव्यात आला, तेव्हा गोवेकरांनी त्याचं आपुलकीने स्वागत केलं. त्याने जे केलं नाही, ते त्यांना ठाऊक होतं.

बोट वाळूतून काढून मुंबईला ओढत नेली आणि भंगारात विकली. मोहन रानडे मात्र सुटले 1969च्या जानेवारीत, गोवा मुक्त होऊन सात वर्षं उलटल्यावर.