बंदुकीची चाळिशी

मला चाळिशी लागली ती एका विथड्रॉवल स्लिपवर. ३,००० चे ८,००० वाचले आणि संध्याकाळी कॅश काही जुळेना. पदरचे भरले. दुसऱ्या दिवशी नवा चष्मा नाकावर सावरत शाखेत शिरलो, तर दारावरचे सुभेदारसाहेब म्हणाले, "त्यात लाजायचं काय साहेब? थ्री नॉट थ्रीलासुद्धा चष्मा लावायचे!"

मी कॉमर्सचा पदवीधर. बंदुकीशी माझा संबंध सुभेदारांच्या बारा बोअरपुरता, तोही लांबूनच. पण चष्मा हा विषय ताजा होता, म्हणून मिळेल ते वाचून काढलं.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांची ली-एनफिल्ड नंबर ४ ही रायफल लाखांनी तयार होत होती. त्या ढिगातून नेम चोख असलेल्या तेवढ्या बाजूला काढायच्या आणि लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडकडे धाडायच्या, असं १९४२ पासून सुरू झालं. हॉलंड अँड हॉलंड म्हणजे आपल्या संस्थानिकांना शिकारीच्या बंदुका करून देणारी पेढी! युद्ध संपेपर्यंत तिने २०,००० हून जास्त रायफलींना दुर्बिणी बसवल्या.

काम तसं सोनाराचंच. रायफलीच्या डाव्या अंगाला पोलादाच्या दोन बैठका पक्क्या करायच्या, त्यांवर हाताने पिळायच्या दोन स्क्रूंनी ब्रॅकेट आणि ब्रॅकेटात दुर्बीण. बैठक केसभर वाकडी बसली, की गोळी शेजारच्या गावात. दुर्बीण उंचावर, म्हणून डोकंही वर धरावं लागे. त्यासाठी दस्त्यावर गाल टेकायला लाकडाची उशी. दुर्बिणीचं नाव नंबर ३२. ही बिचारी मूळची ब्रेन मशीनगनसाठी आखलेली. थोरल्याचं धाकट्याला, आमच्या घरच्यासारखंच! दाखवायची फक्त तिप्पट मोठं.

माझं कारकुनी मन मात्र पुढच्याच गोष्टीत अडकलं. जुळवलेली जोडी मोडू नये म्हणून दुर्बिणीचा क्रमांक दस्त्याच्या मानेवर ठोकत आणि रायफलीचा क्रमांक ब्रॅकेटवर. डबल एंट्री म्हणतात ती हीच! दुर्बीण बदलली, की जुना आकडा खोडून नवा ठोकायचा. बँकेत खाडाखोड दिसली की चेक परत. इथे खोडलेला आकडा पाहून जाणकार खूश होतात. ही नोकरी करून आलेली रायफल म्हणून!

युद्धानंतर माल विक्रीला निघाला आणि पुष्कळ जोड्या फुटल्या. आता परदेशातले हौशी लोक त्याच घाटाची नवी ब्रॅकेट नि दुर्बीण आणून साध्या रायफलीला ‘त्या काळची’ करतात. हौसेला मोल नाही. विकताना खरं सांगितलं म्हणजे झालं. पण काही महाभाग वर दुर्बिणीच्या रायफलीचं ‘टी’ हे अक्षरही ठोकून देतात. माझ्या खात्यात याला खोटी सही म्हणतात.

आणि माझा जीव तुटतो तो ड्रिल मशीनच्या नावानं. कुणा शिपायाच्या खांद्यावरून युद्ध पाहून आलेली, ऐंशी वर्षं जशीच्या तशी राहिलेली रायफल, आणि तिला भोकं पाडायची! आमच्याकडे चुकीच्या नोंदीला उलट नोंद असते. पोलादातल्या भोकाला ती कुठली?

हे सगळं मी सुभेदारांना तावातावानं ऐकवलं. ते शांतपणे तंबाखू मळत होते.

"तुम्ही वापरलीत का हो दुर्बिणीची रायफल?"

"वापरली की."

"काय दिसतं?"

"नुसत्या डोळ्यानं माणूस म्हणजे ठिपका असतो, साहेब. दुर्बिणीतनं तोच विडी पेटवताना दिसतो."

पुढचं मी विचारलं नाही, तेही बोलले नाहीत. चार वाजले होते. ते उठले आणि जाळीचं दार ओढून घ्यायला गेले.