शर्यतीच्या गाडीचे पायताण

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार जी लोखंडी पट्टी चढवितो, तिला आपण धाव म्हणतो. ही पट्टी चाकाच्या घेरापेक्षा किंचित तोकडी घ्यावयाची, लाल होईपर्यंत तापवावयाची, आणि तापून ती वाढली की चाकावर बसवून वर पाणी ओतावयाचे. निवताना ती आवळते व आरे आणि तुंबा यांना एकत्र जखडून टाकते. पेडणे आणि डिचोली महालांतील वाटांवर पिढ्यान्‌पिढ्या अशाच धावा फिरल्या. तेथे चाक आधी असे, आणि त्याच्या मापाची धाव मागाहून घडविली जाई. मोटारीने हा क्रम उलटा केला. टायर दूरच्या कारखान्यातून ठरावीक मापाचा येतो. चाकानेच त्याच्याशी जुळवून घ्यावयाचे असते.

आजच्या भाषणाचा विषय हा टायर आहे, आणि तोही ऑटोक्रॉसच्या शर्यतीत धावणाऱ्या उघड्या चाकांच्या हलक्या गाडीचा. ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानात आखलेल्या नागमोडी वाटेवर घड्याळाशी लावलेली पैज. इंग्लंडात ती गवताळ शेतात होते, अमेरिकेत डांबरी पटांगणावर शंकू मांडून होते, आणि आपल्या देशात बहुधा मातीवर. नाव एक, पण खालची जमीन निराळी. आणि जमीन निराळी म्हटली की टायरही निराळा आला. हौशी माणसे परदेशी पुस्तकातील सल्ला जसाच्या तसा उचलतात तेव्हा नेमकी हीच गोष्ट विसरतात.

वाऱ्याने फुगविलेल्या टायरचे पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ साली घेतले होते. परंतु जग ते विसरले, आणि १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉपने तीच कल्पना पुन्हा शोधून काढली. मोटारींच्या शर्यतीत हा टायर प्रथम उतरला तो १८९५ साली, पॅरिस ते बॉर्दो आणि परत अशा स्पर्धेत. मिशलँ बंधूंची ती गाडी वारंवार पंक्चर होऊन मागे पडली. तरी मोटार हवेवर धावू शकते एवढे त्या पराभवाने सिद्ध झाले.

आता आपल्या मुलखाकडे वळू. १९६१ च्या १९ डिसेंबरपर्यंत गोवा पोर्तुगिजांकडे होता, आणि १९५५ च्या सुमारास भारताने आर्थिक नाकेबंदी केल्यावर येथील माल मुख्यतः मुरगाव बंदरातूनच येऊ लागला. त्याच दशकात डिचोली आणि साखळीच्या परिसरातील लोहखनिजाला जपानची मोठी बाजारपेठ मिळाली. खाणीवरून नदीकाठापर्यंत ट्रक, तेथून बार्ज आणि मुरगावात जहाज, असा त्या मातीचा प्रवास असे. मातीच्या पैशावर परदेशी मोटारी आल्या आणि परदेशी टायर घालूनच आल्या. सीमेपलीकडे सावंतवाडीच्या बाजूला मात्र लोक भारतीय कारखान्यांचा माल वापरीत. डनलॉपचा कारखाना बंगालमध्ये साहागंज येथे १९३६ सालीच निघाला होता. पुढे मुंबईकडे फायरस्टोन आणि सिएट यांचे कारखाने उभे राहिले.

मुक्तीनंतर दोन्ही बाजूंचा बाजार एक झाला, आणि आयात परवान्यांचा जमाना गोव्यालाही लागू झाला. अँबॅसॅडरला ५.९०-१५ आणि फियाटला ५.२०-१४ ही मापे लागत. ज्या मापाला मोठे गिऱ्हाईक असेल तेच कारखाने करणार, हा व्यवहार होता. ज्याचे चाक या मोजक्या मापांत बसत नसे त्याने काय करावे? झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवून घ्यावे, हा त्यावरचा सोपा उपाय. आज ज्या एमआरएफचे नाव सर्वतोमुखी आहे, ती कंपनी मद्रासेत फुगे करता करता १९५२ साली प्रथम याच चढविण्याच्या रबराच्या धंद्यात शिरली, यावरून त्या काळची निकड ध्यानात यावी. पुढे तिचा एक कारखाना आपल्या उसगावात आला. पण कारखाना शेजारी असला म्हणून हवा तो टायर हाती लागतो असे नव्हे. लाखांनी खपणाऱ्या मालापुढे चार शर्यतबाजांच्या मागणीला कोण विचारतो?

म्हणूनच आपल्याकडे गाडीसाठी टायर निवडला असे क्वचित घडले. बहुतेक वेळा मिळेल त्या टायरसाठी गाडी बांधली गेली. मद्रासजवळ शोलावरम येथे महायुद्धातील एक विमानपट्टी पडून होती. तेथे हौशी मंडळी घरी बांधलेल्या गाड्या पळवीत, आणि त्यांच्या चाकांवर बाजारात मिळणारेच टायर असत. कोइंबतूरचे एस. करिवर्धन यांनी ही अडचणच हाताशी धरली. मारुती ८०० रस्त्यावर आली १९८३ च्या अखेरीस. तिचे इंजिन घेऊन त्यांनी एका माणसाची उघड्या चाकांची गाडी उभी केली, आणि फॉर्म्युला मारुती या नावाने तिच्या शर्यती होऊ लागल्या. जिचे सुटे भाग गल्लीतल्या गॅरेजात मिळतात अशा गाडीवरून शर्यतीचे शास्त्र शिकता येते, हे त्यांनी दाखविले. माझ्या मते आपल्या मोटार-शर्यतींच्या इतिहासातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच. १९९५ साली लहान विमानाच्या अपघातात ते गेले.

टायरने शर्यतीचा निकालच फिरविल्याचा एक प्रसंग आम्हां गोवेकरांना विशेष वाटावा असा आहे. १९ जून २००५ रोजी अमेरिकेत इंडियानापोलिस येथे फॉर्म्युला वनची शर्यत होती. एका वेगवान वळणावर मिशलँचे टायर दगा देतात असे सरावातच दिसले, आणि ते टायर असलेल्या सर्व गाड्या आरंभालाच बाहेर निघून गेल्या. वीसांपैकी सहा गाड्या धावल्या. त्या सर्व ब्रिजस्टोनच्या टायरवर होत्या. तिसरा आला पोर्तुगालचा तियागो मोंतेइरो, चौथा आला आपला नारायण कार्तिकेयन, आणि दोघेही जॉर्डन या एकाच संघाचे!

आता पेडण्याच्या सड्यावरची जांभ्या दगडाची जमीन डोळ्यांपुढे आणा. वर सैल खडी आणि तांबडी धूळ, खाली दगडासारखा टणक थर. अशा जमिनीवर रुंद, गुळगुळीत टायर खडीवर तरंगत राहतो. अरुंद आणि खोल खाचांचा टायर धूळ बाजूला सारून खालचा थर पकडतो. पावसाळ्यात त्याच खाचांत चिखल भरला की टायर पुन्हा गुळगुळीतच झाला. तेव्हा खाचा विरळ हव्यात, म्हणजे फिरता फिरता चिखल झटकला जाईल. गाडी पाचसहाशे किलोची असेल तर जड गाडीसाठी केलेले कडक रबर तिच्या वजनाने नीट तापतच नाही, आणि पुरते न तापलेले रबर पकड देत नाही. म्हणून हलक्या गाडीला मऊ रबर आणि कमी हवा. जांभ्याच्या कडा मात्र मऊ रबर कुरतडतात, आणि हवा फार उतरविली तर वळणावर टायर रिमवरून निसटण्याचे भय. उघड्या चाकांच्या गाडीत हे भय अधिक, कारण चाक आणि चालक यांच्यामध्ये पत्रा नसतो.

मापे वाचण्याविषयी थोडे. १४५/७० आर १२ असे लिहिलेले असते. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा, उंची ही रुंदीच्या शेकडा किती ते. तिसरा रिमचा व्यास, इंचांत. एका ओळीत तीन परिमाणे! गणिताच्या मास्तरांनी असे उदाहरण घातले तर पालक तक्रार घेऊन येतील. मधला ‘आर’ हे अक्षर आतील धागे आडवे, म्हणजे रेडियल, असल्याची खूण.

याहूनही महत्त्वाचे आकडे बाजूच्या भिंतीवर बारीक कोरलेले असतात, आणि घाईत कोणी ते पाहत नाही. ते चार असतात. १२२४ म्हणजे २०२४ सालचा बारावा आठवडा. मोठ्या शर्यतींतून उतरलेले परदेशी टायर स्वस्तात मिळतात. नक्षी शाबूत दिसते, गुळगुळीत टायरला तर नक्षीच नसते, आणि घेणारा फसतो. रबर वापराने झिजते, पण न वापरताही कडक होते. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोलीतील ट्रकवाल्यांवर केवढे संकट कोसळले ते सर्वश्रुत आहे. महिनोन्‌महिने एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरला बाजूने बारीक चिरा पडतात. विकत घेण्यापूर्वी बोटाने भिंत वाकवून त्या चिरा पाहाव्यात, नखाने रबर दाबून पाहावे आणि ते चार आकडे वाचावेत. पाच-सहा वर्षांपूर्वीचा टायर शर्यतीच्या गाडीला घालू नये, मग विकणारा त्यावर कोणत्याही देशाचे नाव दाखवो.