महापौर आणि जाब

रत्नागिरीला महापौर नाही, कधी नव्हता. शहराचा कारभार नगरपरिषदेकडे आणि तिचा प्रमुख नगराध्यक्ष. तरीही ‘महापौर’ या शब्दाचं माहेर शोधत गेलं, की वाट रत्नागिरीतच येऊन थांबते.

6 जानेवारी 1924 रोजी विनायक दामोदर सावरकर येरवड्याच्या तुरुंगातून सुटले ते दोन अटींवर: रत्नागिरी जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं नाही आणि सरकारच्या परवानगीशिवाय राजकारणात पडायचं नाही. पाच वर्षांची मुदत वाढत वाढत 1937 पर्यंत गेली. त्या काळातली त्यांची अस्पृश्यतेविरुद्धची चळवळ आणि 1931 मध्ये उभं राहिलेलं पतितपावन मंदिर सर्वांना ठाऊक आहे. दुसरी चळवळ भाषाशुद्धीची. तारखेला दिनांक, नंबरला क्रमांक, बजेटला अर्थसंकल्प असे प्रतिशब्द त्यांनी सुचवले आणि त्याच ओघात म्युनिसिपालटीला नगरपालिका, कॉर्पोरेशनला महापालिका, मेयरला महापौर. राजकारणाची दारं ज्याला बंद होती, त्याने दिलेल्या शब्दांत आज राज्यभरच्या पालिकांचं राजकारण चालतं. सावरकरांबद्दलची मतं दोन टोकांची आहेत. पण हे शब्द दोन्ही टोकांची माणसं सारख्याच सहजतेने उच्चारतात.

कारभाराचे शब्द घडवण्याची ही पहिली वेळ नव्हती. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंत्यांनी राज्यव्यवहारकोश रचला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पण लोकांनी निवडलेला शहराचा प्रमुख हे पदच तेव्हा नव्हतं, तर त्याला शब्द कुठून येणार? शहरावर असायचा तो वरून नेमलेला कोतवाल. पुण्याचा घाशीराम कोतवाल हे त्याचं सर्वांत भयंकर उदाहरण. 1791 मध्ये त्याच्या कोठडीत कोंडलेल्या ब्राह्मणांपैकी वीसहून अधिक गुदमरून मेले, तेव्हा न्याय झाला तो संतापलेल्या जमावाच्या दगडांनी. कोतवालाला रोज प्रश्न विचारण्याची सोय असती, तर त्या दगडांपर्यंत गोष्ट गेली नसती असं मला मनापासून वाटतं.

इंग्रजी अमलात नगरपालिका आल्या, पण सुरुवातीला तिथेही सदस्य नेमलेलेच असत. जोतीराव फुले 1876 पासून काही वर्षं पुण्याच्या म्युनिसिपालटीत होते तेही सरकारनियुक्त सदस्य म्हणून. तरी व्हाइसरॉयच्या स्वागतावर पालिकेचा पैसा उधळायला त्यांनी विरोध केला. व्हाइसरॉय रिपनच्या स्थानिक स्वराज्याविषयीच्या 1882 च्या ठरावानंतर निवडून आलेल्या सदस्यांचा वाटा वाढत गेला. मुंबईत पालिकेच्या प्रमुखाला मेयर म्हणू लागले ते 1931 पासून, म्हणजे सावरकर रत्नागिरीत असतानाच. शब्दाची गरज तेव्हा अगदी ताजी होती.

आता शब्द उकलून पाहू. मेयरच्या मुळाशी लॅटिनमधला ‘मोठा’ या अर्थाचा शब्द आहे, एवढंच. महापौरात ‘पौर’ आहे. पौर म्हणजे पुरात राहणारा. जुन्या ग्रंथांत ‘पौरजानपद’ अशी शहरवासी आणि ग्रामवासी यांची जोडी भेटते. त्या पौरांतला थोरला तो महापौर. ‘महा’ लावल्यावरही आतला पौर पुसला जात नाही. ‘नगरपिता’ या शब्दात शहर लेकराच्या जागी जातं, आणि लेकराने बापाकडे हिशेब मागायची आपल्याकडे रीत नाही. तो शब्द मागे पडून ‘नगरसेवक’ रुळला हे फार चांगलं झालं. महापौराला स्त्री-पुरुष भेदही अडला नाही: 1956 मध्ये सुलोचना मोदी मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या, तेव्हा शब्द जसाच्या तसा चालला.

पण त्या पौराने करायचं काय? जाब विचारायचा. आणि गंमत नव्हे, मोठी अर्थपूर्ण गोष्ट अशी, की हा ‘जाब’ अरबी ‘जवाब’चा वंशज आहे. पेशवाईच्या कागदांत वाटाघाटींना ‘जाबसाल’ म्हटलेलं सापडतं. ‘जबाबदार’ म्हणजे उत्तर ज्याच्यापाशी असायला हवं तो. त्याला ‘उत्तरदायी’ हा शुद्ध पर्याय आहे, ‘उत्तरदायित्व’ अहवालांत छापलंही जातं. पण नळाला चार दिवस पाणी आलं नाही म्हणून पालिकेच्या पायऱ्या चढणारी बाई उत्तरदायित्व मागत नाही, जाब विचारते. हरकत, मंजूर, तहकूब, दप्तर, हिशेब हे सगळे शब्दही सभागृहात टिकून आहेत. कोरमसाठी सुचवलेली ‘गणसंख्या’ मात्र मागे पडली, तिथे ‘गणपूर्ती’ आली. लोकांनी शब्द निवडताना कुळ पाहिलं नाही. पद रत्नागिरीच्या शब्दाने सजलं, त्या पदाला धारेवर धरायचं काम अरबस्तानातून आलेल्या शब्दाकडेच राहिलं, आणि मला हे दोघं एकमेकांशेजारी शोभतात.

1965 च्या अधिनियमाने नगरपालिकेचं कायद्यातलं नाव नगरपरिषद केलं. तरी रत्नागिरीत घरपट्टी भरायला किंवा शीळ धरणाच्या पाण्याची तक्रार घेऊन निघालेला माणूस ‘पालिकेत जाऊन येतो’ असंच सांगतो.

मधली काही वर्षं हे शब्द रिकामे पडले होते. मार्च 2022 पासून मुंबईला महापौर नव्हता. राज्यातल्या बहुतेक पालिकांच्या मुदती संपल्या, आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला आणि कारभार प्रशासकांकडे गेला. प्रशासक कितीही कर्तबगार असला तरी तो सरकारने नेमलेला. त्याला जाब विचारायला प्रभागाचा माणूस सभागृहात नव्हता. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितलं, तेव्हा कुठे डिसेंबरात नगरपरिषदांसाठी मतदान झालं. शाई लावलेलं बोट घेऊन केंद्राबाहेर पडणाऱ्या मतदाराला साडेतीन-चार वर्षांची उत्तरं यायची होती: रस्त्याची, गटाराची, पाण्याची.